दोन जेल्या आणि चाळीस मिनिटे

सकाळी बरोबर अकरा वाजता हॉटेलच्या मुख्य आचारीबाई चीजच्या दुकानाची काच ढकलून आत आल्या. त्या वेळी दुकानात हजर असलेल्या चारही माणसांची ठाम समजूत होती की दहा वाजून वीस मिनिटे झाली आहेत.

"लवकर आलात," दुकानाचे मालक म्हणाले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात.

"अकराची वेळ ठरली होती," आचारीबाई म्हणाल्या. "अकराला आले."

आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. काटे अकरावर होते. म्हणजे दहा वीस. बाईंनी आत शिरताना भिंतीवरचेच घड्याळ पाहिले असणार, असा त्यांनी अर्थ लावला. पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकाला आमचे घड्याळ खोटे आहे असे सांगणे त्यांना बरे वाटेना. त्यांनी खुर्ची पुढे केली.

हे घड्याळ आप्पांच्या वडिलांनी चाळीस मिनिटे पुढे लावले होते. मऊ चीज थंड खोलीतून काढून दोन तास बाहेर ठेवले तरच खाण्याजोगे होते, आणि थोरले मालक ते काढायला रोज उशीर करत. किती उशीर करतात ते थोरल्या मालकीणबाईंनी महिनाभर पाहिले, तो सरासरी चाळीस मिनिटे भरला, आणि मग घड्याळच तेवढे पुढे गेले. ते दोघेही आता नाहीत. घड्याळ तसेच आहे. या घरात लग्न होऊन येणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जातात: थंड खोलीचे दार खांद्याने लावायचे, आणि घड्याळातून चाळीस वजा करायचे. सगळेच वजा करू लागल्यावर घड्याळ पुढे ठेवण्यात काहीच अर्थ उरला नव्हता. पण तसे आप्पांना सांगण्याची कोणाची छाती नव्हती.

सात महिन्यांपूर्वी घरात आणखी एक वजाबाकी करणारा आला. सुनेचे वडील, म्हणजे आप्पांचे व्याही. चौतीस वर्षे औषधाचे दुकान चालवून ते विकून मोकळे झालेले गृहस्थ, बायको जाऊन तीन वर्षे झालेली, दुसऱ्या शहरात तीन खोल्यांचे घर आणि त्यात एकटे. आठ दिवस राहायला म्हणून आले होते. पहिल्या आठवड्यात ते केस कापायला चाळीस मिनिटे आधी पोचले आणि न्हाव्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या आठवड्यापासून ते घरातल्या कोणाहीपेक्षा लवकर वजा करू लागले.

आठ दिवसांचे सात महिने झाले याला कारण जेली.

आप्पांच्या बायकोला घरदार आणि अर्धी गल्ली माई म्हणते. माई एकतीस वर्षे सफरचंदाची जेली करतात. साली आणि गाभ्यासकट फळे शिजवायची, फडक्यात बांधून टांगायची, रस थेंब थेंब गळू द्यायचा, फडके पिळायचे नाही. पिळले की जेली गढूळ होते. ही जेली आप्पांच्या मऊ चीजबरोबर विकली जाते. दुसरे काही त्याच्याबरोबर खाता येईल ही कल्पना घरात कोणी मांडलेली नव्हती.

ती व्याह्यांनी मांडली. आले त्याला दोन आठवडे झाले होते, रिकामा हात सहन होईना. त्यांनी माईंकडून वाटीभर रस मागून घेतला, त्यात लाल मिरच्या, व्हिनेगर आणि साखर घातली, सगळे औषधाच्या तराजूवर तोलून, आणि संध्याकाळी एक लालभडक बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" माईंनी विचारले.

"जेली. चीजबरोबर अर्धा चमचा. मात्रा वाढवायची नाही."

तेव्हापासून माई त्यांना मात्रेवाले म्हणू लागल्या. त्यांच्या पाठीमागे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

वाद रोजचा झाला. माईंचे म्हणणे पक्के होते.

"मऊ चीज म्हणजे दुपारी डुलकी लागलेलं माणूस. त्याच्या अंगावर पांघरूण घालायचं असतं. तुम्ही त्याच्या नाकात मिरची कोंबता."

"विहीणबाई, तुमच्या पांघरुणाखाली तो एकतीस वर्षं घोरतोय. कोणीतरी उठवायला नको?"

"उठला तर आधी तुम्हालाच विचारेल, कोण हो तुम्ही?"

"सांगेन की. सुनेचा बाप."

सून काउंटरवर बसून हे ऐकत असे आणि बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवत असे. तिने कोणाचीच बाजू घेतली नाही. एक मात्र तिच्या लक्षात आले होते. फळीवरच्या तिखट जेलीच्या चौदा नंबरच्या बरणीतली जेली आठवड्याला दोन बोटे खाली जात होती. उघडी बरणी ती एकच, चवीसाठी ठेवलेली. आप्पांना तिखट सोसत नाही. नवऱ्याला त्या बरणीची जागाच माहीत नव्हती. वडील स्वतःची जेली मोजून खात. तिने कोणाला काही विचारले नाही. बरणी भरून परत जागेवर ठेवत गेली.

अडचण अशी होती की जेलीचे तांब्याचे पातेले एकच, आणि ते मावेल अशी शेगडीही एकच. मंगळवारी माई गोड जेली करत, उरलेला रस व्याह्यांना मिळे आणि ते बुधवारी आपली चार बरण्यांची तिखट जेली करत. हौस म्हणून हे चालण्यासारखे होते. मग हॉटेलचे पत्र आले. नदीकाठच्या मोठ्या हॉटेलला रोज संध्याकाळी पाहुण्यांपुढे एक ताटली ठेवायची होती: आप्पांच्या मऊ चीजची एक फोड, तीन बिस्किटे, एक चमचा जेली. जेली एकच. कुठली, ते आचारीबाई स्वतः येऊन चाखून ठरवणार. रोजची ताटली म्हणजे रोजचे पातेले. जी जेली निवडली जाईल तिच्याकडे शेगडी जाणार आणि दुसरीला जागा उरणार नाही, हे सांगायची कोणाला गरज पडली नाही.

पत्र आले त्या संध्याकाळी व्याही जेवताना म्हणाले, "माझी निवडली तर मी राहतो. कामाचा माणूस म्हणून. नाही निवडली तर त्याच संध्याकाळी सहा पाचच्या गाडीने जातो. तिकीट काढलंय."

"बाबा, हे काय नवीनच?" सून म्हणाली.

"नवीन काही नाही. लेकीच्या घरी खुर्चीत बसून खाणारा म्हातारा मला व्हायचं नाही. औषधाच्या दुकानात असे शेकडो बघितलेत. येऊन बसायचे, औषध घ्यायचे नाहीत, वजन करून जायचे."

माईंनी पावाचा कडक, भाजलेला शेवटचा तुकडा नेहमीप्रमाणे व्याह्यांच्या ताटलीत टाकला. दुसऱ्या कोणाला तो तुकडा आवडत नाही.

चाखण्याच्या दिवसाची तयारी आप्पांनी आदल्या दिवशीच केली. दुकान दुपारपर्यंत बंद असल्याची पाटी लावली. पहाटे गाडीवर जाणाऱ्या आपल्या मुलाचा सोडून सगळ्यांचे फोन गोळा करून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये टाकले. एका वर्षी एक फोन दुधाच्या टाकीत पडला होता, तेव्हापासून महत्त्वाच्या दिवशी फोन आतच. अंगठ्या, बांगड्या, मनगटी घड्याळे चीजच्या खोलीबाहेरच्या आकड्यांवर जातात, हा तर कायमचा नियम. व्याह्यांचे घड्याळ आदल्या संध्याकाळपासूनच तिथे लटकत होते, तोंड भिंतीकडे करून.

मुलगा पहाटे पाचला गाडी घेऊन बाहेरगावची गिऱ्हाइके करायला निघाला. निघताना त्याने एक गोष्ट केली. ती त्याच्या मते फार चांगली होती.

साडेपाचला आप्पांना रोजच्यासारखी आपोआप जाग आली. खाली येऊन त्यांनी घड्याळ पाहिले आणि चाळीस वजा केले. पाचसुद्धा वाजले नव्हते.

"आज उत्साहाने लवकर उठलो," ते माईंना म्हणाले.

"मीही," माई म्हणाल्या.

दूधवाला आला. त्यालाही वजाबाकी लागू झाली.

"आज लवकर?" आप्पांनी विचारले.

"मी नेहमीच्याच वेळेला आलो," दूधवाला म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

घड्याळात नऊ चाळीस झाले तेव्हा आप्पांनी थंड खोलीतून चीजच्या चार चकत्या काढल्या, लाकडी पाटावर मांडल्या आणि वर जाळी झाकली. नऊ वाजले, अकरापर्यंत दोन तास. थोरल्या मालकांना एकदाही जमले नव्हते इतके हे वेळेवर होते.

आता आचारीबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि पाटावरच्या चीजला, आप्पांच्या समजुतीप्रमाणेच, एक तास वीस मिनिटे झाली होती.

"बाई, थोडं थांबता का?" आप्पा म्हणाले. "चहा घ्या. चीज अजून मऊ पडलेलं नाही."

"किती थांबू?"

"चाळीस मिनिटं."

आचारीबाईंनी भिंतीकडे बोट केले. "तुमच्याच घड्याळात अकरा वाजलेत. तयारी झाली नव्हती तर तसं कळवायचं."

आप्पांनी माईंकडे पाहिले, माईंनी व्याह्यांकडे. व्याह्यांनी हाताने खूण केली, कापा.

आप्पांनी कापले. सुरी सरळ खाली गेली आणि फोड सुटून बाजूला उभी राहिली, कडा धारदार, साबणाच्या वडीसारखी. चांगल्या वेळी हेच चीज सुरीला चिकटते आणि कापलेल्या बाजूने किंचित पोट काढते. आप्पांनी मान दुसरीकडे वळवली.

आचारीबाईंनी पिशवीतून स्वतःचा चमचा काढला. पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला. दुसऱ्या कोणाच्या चमच्याने त्या चाखत नाहीत. आधी नुसते चीज खाल्ले आणि वहीत काही लिहिले. मग चीजवर सफरचंदाची जेली घेऊन खाल्ली.

"बरं आहे. चीज दबकं आहे, पण ह्या गोडाने त्याला धीर दिला."

माईंनी पदर सारखा केला.

मग तिखट. आचारीबाईंनी घास घोळवला, थांबल्या, पाण्याचा पेला उचलला.

"मिरची आहे," त्या म्हणाल्या. "चीज कुठे आहे ते सापडलं नाही."

व्याही म्हणाले, "बरोबर आहे." एवढेच. त्यांनी हात पुसले आणि ते वर गेले. दोन मिनिटांनी त्यांची बॅग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आली. ते तिच्यामागे उभे राहिले, खाली आले नाहीत.

सून काउंटरवरून उठली. "बाबा, बॅग वर न्या आधी."

"पाहुण्यांसमोर ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये!" सून ओरडली.

माईंचा हा विजय होता. त्यांचे कोणी अभिनंदन केले नाही आणि त्यांनीही कोणाकडे पाहिले नाही. त्या हातातल्या फडक्याने स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसू लागल्या.

अकरा वाजून सोळा मिनिटांनी मुलगा आला. रिकामे क्रेट दाराशी ठेवून तो आचारीबाईंकडे बघून हसला.

"वेळेवर सुरू झालं ना? मला काळजी होती. म्हणून सकाळी जाताना घड्याळ बरोबर लावून गेलो."

चारही माना एकदम घड्याळाकडे वळल्या.

"बाहेरचं माणूस येणार, भिंतीवर खोटं घड्याळ बरं दिसत नाही," मुलगा पुढे म्हणाला. "म्हणजे आता वजा करायचं नाही. मी सांगायला फोन केला होता. तीनदा."

"ड्रॉवरला केलास," सून म्हणाली.

आप्पांनी जाळी उचलली आणि उरलेल्या तीन चकत्यांतल्या एकीवर अंगठा ठेवला. थोडा दाबला. "म्हणजे हे नऊ चाळीसला बाहेर आलं. खरोखरच्या नऊ चाळीसला."

"आपण सगळे आज लवकर उठलो नव्हतो," माई सावकाश म्हणाल्या.

"दूधवाला सांगत होता," व्याही जिन्यावरून म्हणाले.

मुलाने एकेकाचे तोंड पाहिले. "मी काय केलं?"

"तुझ्या आजोबांनी आयुष्यभर केलं तेच," आप्पा म्हणाले. "चीज चाळीस मिनिटं उशिरा काढलंस."

आचारीबाईंना हे समजावून सांगायला सात मिनिटे लागली. आप्पांनी सुरुवात वडिलांपासून केली, मध्ये मुलाने घड्याळाचे चित्र काढून दाखवले, आणि शेवटी सुनेने एका वाक्यात सांगितले: "आमचं घड्याळ खोटं असतं तेव्हा आम्ही बरोबर असतो, आज ते खरं होतं."

आचारीबाई सकाळपासून प्रथमच हसल्या. "माझ्या स्वयंपाकघरात अकरा माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांनाही इतका सुंदर उशीर करता येत नाही. चहा द्या. अकरा चाळीसला पुन्हा कापा. बाराला मी निघणार."

चहा झाला. बॅग तिसऱ्या पायरीवरच होती. व्याही तिला ओलांडून खाली आले आणि स्टुलावर बसले. हे स्टूल माईंचे. त्यांची उंची बेताची आहे; वरच्या फळीवरच्या बरण्या काढायला आणि तांब्याचे पातेले ढवळायला त्या त्यावर चढतात.

"बसा, बसा," माई म्हणाल्या. "पाय मोडलेला आहे एक. पडलात तर मात्रा तुम्हीच ठरवा."

"विहीणबाई, जिंकलेल्या माणसाने इतकं टोचू नये."

"जिंकले कुठे? बाईंनी गारठलेलं चीज खाल्लं. त्यात जिंकायचं काय?"

अकरा चाळीसला आप्पांनी दुसरी चकती कापली. या वेळी सुरी अडकली आणि ती सोडवायला त्यांना हलकेच फिरवावी लागली. फोड पाटावर ठेवताच तिची बाजू फुगली आणि पांढऱ्या सालीखालून पिवळट साय पुढे सरकली. आप्पांनी या वेळी मान वळवली नाही.

"सगळ्यांनी घ्या," आचारीबाई म्हणाल्या. "मला तुमची तोंडं बघायचीत."

आधी गोड. आचारीबाईंनी डोळे मिटले, उघडले. "छान आहे. पण आता दोन गोड माणसं एका बाकावर बसल्यासारखं झालं. तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या. कोणीच काही घेत नाही."

आप्पा मान हलवणार होते. माईंकडे पाहून त्यांनी ती हलवली नाही.

मग तिखट. बिस्किटावर चीज, चीजवर अर्धा चमचा लाल. आचारीबाईंनी बिस्किट तोंडाशी नेले.

"थांबा, लगेच पाणी पिऊ नका," माई म्हणाल्या. "तिखट मागून येतं. आधी आंबट, मग चीज, आणि मग कुठे मिरची. पाणी प्यायलात तर शेवटचं चुकतं."

व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. "विहीणबाई, तुम्ही तर माझी जेली कधी तोंडाला लावली नाही म्हणता."

"वासावरून कळतं."

"तिखट मागून येतं हे वासावरून?"

"एकतीस वर्षं जेली करतेय मी. नाकाला डोळे आलेत माझ्या."

सून चौदा नंबरच्या बरणीकडे बघून खोकली आणि चिठ्ठ्या मोजू लागली.

आचारीबाई पाणी प्यायल्या नाहीत. मग त्यांनी एक बिस्किट आणखी घेतले, जे चाखणारा माणूस सहसा घेत नाही.

"आता चीज सापडलं," त्या म्हणाल्या. "मिरचीनेच दाखवलं कुठे आहे ते."

मुलाने टाळी वाजवली आणि एकट्याचीच वाजली म्हणून हात खिशात घातले.

"म्हणजे तिखट?" सुनेने विचारले.

आचारीबाईंनी वही मिटली. "इथे, अकरा चाळीसला, तिखट. अकराला गोड होतं. चीज तेच, जेल्या त्याच. प्रश्न तुमच्या जेलीचा राहिला नाही, माझ्या फ्रिजचा झाला. ताटली साडेसातला जाते. माझी माणसं चीज साडेपाचला बाहेर काढतात की सातला, ते मला ठाऊक नाही. विचारलं तर साडेपाचच म्हणतील. म्हणून विचारणार नाही. आज जाऊन बघते."

"साडेपाचला काढलं असेल तर तिखट," आप्पा म्हणाले.

"आणि नसेल तर गोड. थंड चीजबरोबर तिखट दिलं तर पाहुणे मला शिव्या घालतील. सगळं ठीक असलं तर साडेपाचला फोन करते. उशीर झाला तर उशिरा."

"गाडी सहा पाचची आहे," व्याही म्हणाले. सांगायची गरज नव्हती, पण सांगितले.

"कसली गाडी?" आचारीबाईंनी विचारले. सुनेने तिसऱ्या पायरीवरच्या बॅगेकडे पाहिले. त्यांनी चमचा रुमालात गुंडाळला. दारात थांबून त्या व्याह्यांना म्हणाल्या, "अर्धाच चमचा ना?"

"अर्धाच. मात्रा वाढवायची नाही."

बारा वाजता, म्हणजे खरोखरच्या बारा वाजता, दुकान उघडले आणि फोन ड्रॉवरमधून बाहेर आले. घड्याळाचे काय करायचे यावर दुपारी चर्चा झाली. आप्पांना ते पुन्हा चाळीस मिनिटे पुढे हवे होते. मुलाचे म्हणणे होते की एकदा बरोबर केलेले घड्याळ मुद्दाम बिघडवणे हे शिकल्यासवरल्या माणसांना शोभत नाही. आजच्या दिवस तसेच ठेवायचे ठरले. सुनेने सगळ्यांना मोठ्याने बजावले: आज वजा करायचे नाही. व्याह्यांनी आकड्यावरचे मनगटी घड्याळ काढून हातात बांधले, म्हणजे प्रश्नच मिटला.

तीनला सून वडिलांच्या खोलीत गेली.

"बाबा, फोन आला नाही तर?"

"तर मग जायचं. ठरलंय तसं."

"हॉटेलच्या फ्रिजवर तुम्ही कुठे राहायचं ते ठरवणार?"

"कशावर तरी ठरवायला हवं ना?" ते म्हणाले. "तू राहा म्हणशील. जावई राहा म्हणतील. आप्पा तर देवमाणूस. पण ते सगळं मायेपोटी. मला कामापोटी राहायचंय."

"आणि माई?"

व्याही हसले. "विहीणबाई कशाला राहा म्हणतील? त्यांची शेगडी मोकळी होईल."

पाचला माईंनी तांब्याचे पातेले शेगडीवर चढवले. वार मंगळवार नव्हता. सफरचंदाचा रस सकाळपासून फडक्यातून गळत होता, तो इतका का गाळला, असे आप्पांनी विचारल्यावर माई म्हणाल्या, "सफरचंदं उरली होती." सफरचंदे उरलेली नव्हती. सुनेने सकाळीच नवी टोपली भरून आलेली पाहिली होती.

पाच वाजून वीस मिनिटांनी आप्पा चीज उलटायला थंड खोलीत गेले. मुलगा गाडी धुवायला मागे गेला. सुनेकडे दोन गिऱ्हाइके होती. ती दहा मिनिटांनी गेली आणि तिने मान वर केली तेव्हा माई पातेल्याजवळ उभ्या होत्या, पण जमिनीवर, टाचा उंचावून. स्टूल पातेल्याजवळ नव्हते. ते भिंतीशी, घड्याळाच्या बरोबर खाली होते. त्याच्या फळीवर चपलेचा ओला ठसा होता. शेगडीपुढची फरशी नेहमीच ओली असते.

साडेपाचला फोन वाजला नाही.

स्टेशन चालत वीस मिनिटांवर आहे. व्याही पाच वाजून छत्तीस मिनिटांनी कोट घालून खाली आले. तिसऱ्या पायरीवर थांबून त्यांनी बॅगेचा कान धरला आणि सवयीने भिंतीकडे पाहिले.

घड्याळात चार वाजून छप्पन्न मिनिटे झाली होती.

त्यांनी मनगटाकडे पाहिले. पुन्हा भिंतीकडे. मग खाली स्टुलाकडे. स्टुलावरून त्यांची नजर पातेल्याकडे गेली. माई पाठमोऱ्या होत्या, मागे वळून बघत नव्हत्या आणि गरजेपेक्षा बऱ्याच जोराने ढवळत होत्या.

सून काउंटरवर एकाच बरणीला दुसऱ्यांदा चिठ्ठी चिकटवत होती.

व्याह्यांनी बॅगेचा कान सोडला. कोट काढून कठड्यावर टाकला. उरलेल्या पायऱ्या उतरून ते चीजच्या खोलीच्या दाराशी गेले, मनगटावरचे घड्याळ सोडले आणि तोंड भिंतीकडे करून आकड्यावर अडकवले. काम करताना घड्याळ हातात चालत नाही, हा कायमचा नियम आहे.

"विहीणबाई, रस झाला का?"

"कधीचा. तुमची वाट बघून पातेलं सुकलं."

"गाडीला अजून तास आहे म्हणायचं."

"आहे ना. घड्याळ दिसत नाही का?"

"दिसलं."

"मग मिरच्या घ्या पुढ्यात. आणि किती घालायच्या ते नीट सांगा. मागच्या वेळी कमी पडल्या होत्या."

व्याह्यांचा हात हवेत राहिला. "मागच्या वेळी?"

"वासावरून म्हणतेय," माई म्हणाल्या.

पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांपर्यंत हॉटेलचा फोन आलेला नव्हता. बॅग तिसऱ्या पायरीवर होती. रस उकळायला लागला होता, व्याही मिरच्यांचे देठ काढत होते आणि सहा पाचची गाडी वेळेवर होती.